मदत हवी आहे: ३२१५०३१७५१ ही संख्या आणि आधार ७

ठाण्यात, नौपाड्यात दहावीच्या मुलांच्या ऑलिंपियाड वर्गात ही संख्या शिकवायची आहे. दिसते मोबाईल नंबरसारखी, पण आहे १५१ × ७५१ × २८३५१. तरी मिलर-राबिन चाचणीत (संख्या मूळ आहे का, हे ‘आधार’ म्हणून निवडलेल्या आकड्यांचे घात घेऊन पाहणारी चाचणी) २, ३, ५, ७ हे चारही आधार तिला मूळ संख्या म्हणून सोडून देतात. ११ घेतला की पकडली जाते. (ओव्हरफ्लोची, म्हणजे संगणकात आकडा न मावल्यामुळे उत्तर चुकल्याची, शंका नको. तिचा वर्ग ६४ बिटांच्या साइन्ड मर्यादेबाहेर जातो, म्हणून पायथॉनमध्येच तपासलंय.)

कारण कळलंय. तिच्यातून १ वजा केल्यास येणारी संख्या १५०, ७५० आणि २८३५० या तिघांचीही विषम पट आहे. त्यामुळे एकच अट उरते: आधार तिन्ही मूळ संख्यांसाठी वर्गशेष असावा (म्हणजे त्या संख्येने भागल्यावर एखाद्या वर्गाइतकीच बाकी देणारा), किंवा तिन्हींसाठी नसावा.

२ साठी गाउसचा लेमा (वर्गशेष मोजणीने ओळखायची रीत) पुरतो. १५०, ७५०, २८३५० ला ३ आणि ५ ने भाग जातो, म्हणून ते दोन आधार १ च्या घनमुळांनी आणि पाचव्या मुळांनी उरकतात. अडलंय ७ पाशी. १५१ ला सोपं: −७ म्हणजे १४४, १२ चा वर्ग; आणि −१ वर्गशेष नाही, म्हणून ७ सुद्धा नाही. २८३५१ ला सातवी मुळं मिळतात. ७५१ ला यातलं काहीच चालत नाही, आणि शोधाशोध करून वर्ग दाखवणं हा काही युक्तिवाद नव्हे.

मुलांना फर्माचं छोटं प्रमेय येतं, क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटी (दोन मूळ संख्यांपैकी एक दुसरीसाठी वर्गशेष आहे का, हे उलट बाजूने ठरवू देणारा नियम) नाही. तिन्ही संख्यांना ७ ने भागल्यास बाकी ४, २, १ उरते, एवढ्यावरून ७ चा निकाल फळ्यावर पंधरा मिनिटांत कसा काढून दाखवता येईल?