फोन आणि संगणकाचं जमत नव्हतं, तेव्हा कशानं जमलं? (अनुभव धागा)

सासूबाईंच्या ओव्या माझ्या फोनमध्ये आहेत. त्यांचं वय आता ८४. गेल्या दिवाळीपासून दर रविवारी दुपारी मी त्यांच्याजवळ फोन ठेवते आणि त्या आठवेल तशा जात्यावरच्या ओव्या म्हणतात. २१२ रेकॉर्डिंग झाली आहेत. मागच्या आठवड्यात फोन पायरीवर पडला, काचेला तडा गेला, आणि त्या रात्री माझा डोळा लागला नाही. एवढं सगळं एका फुटक्या फोनच्या भरवशावर!

सकाळी उतरवून घ्यायला बसले. वायर जोडली तर फोन चार्ज होतोय, पण संगणकाला त्याचा पत्ताच नाही. शेजारच्या मुलानं फोनवरची सूचना खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडून दिलं, तेव्हा कुठं फोल्डर दिसला. आत मोजले तर १८७. उरलेली २५ फोनवर व्यवस्थित वाजतात, संगणकावर मात्र नाहीत.

माझं अजून सुटलेलं नाही. तुमचं कधी असं अडलं असेल तर इथं लिहा. उपाय तर लिहाच, पण घोडं नेमकं कुठं पेंड खात होतं तेही सांगा, म्हणजे दुसऱ्याला आपली अडचण ओळखता येईल.
(सातारा)

---

आमची द्राक्षबाग आहे, निफाड तालुक्यात. छाटणीपासून प्रत्येक फवारणीचे फोटो मी फोनवर काढून ठेवतो. औषधाच्या बाटलीचं लेबल, मापाचा डबा, कोणती ओळ. माल बाहेर पाठवायचा तर नोंदी चोख लागतात, म्हणून महिनाअखेर सगळं संगणकावर घेतो.

दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात फोन दिसेनासा झाला. फोन चार्ज होत होता, म्हणजे वायर चांगली, असं मी धरून चाललो. तीच चूक. ड्रायव्हर (संगणकाला फोन ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकले, विंडोज अपडेट केलं, दोन रात्री त्यात गेल्या. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की संगणकाचा पोर्ट गेलाय, १८०० रुपये लागतील. पैसे द्यायच्या आधी पुतण्या सहज म्हणाला, “काका, माझी वायर लावून बघा.” लावली आणि फोन तिथल्या तिथं उघडला.

मग मी ती जुनी वायर छाटणीच्या कात्रीनं उभी चिरली. आत दोनच तारा, एक लाल आणि एक काळी. साध्या यूएसबी वायरीत चार तारा लागतात. लाल-काळी वीज नेतात, हिरवी-पांढरी माहिती नेतात. एसटी स्टँडवर साठ रुपयांना घेतलेल्या माझ्या वायरीत माहितीच्या ताराच घातलेल्या नव्हत्या. ती नुसती चार्जिंगची होती, आणि वरून बघून हे कुणालाच कळलं नसतं.

आता चांगली वायर संगणकाशेजारी खिळ्याला टांगलेली असते. ती चार्जिंगला न्यायची नाही असा घरात नियम आहे.

---

मी निवृत्त शिक्षिका, सांगलीची. माझं थोडक्यात. फोन कुलूपबंद असेल तर संगणकाला आत रिकामं दिसतं. फोल्डर उघडायचा, काही नाही. पुन्हा उघडायचा, काही नाही. मी संगणकाच्या पडद्याकडे बघत बसले होते आणि फोन टेबलावर पालथा पडला होता. उलटा केला, पिन टाकला, ‘परवानगी द्या’ असं विचारत होता बिचारा. आता फोन नेहमी सुलटा आणि उघडा ठेवते.

---

साताऱ्याच्या ताई, तुमची २५ रेकॉर्डिंग कुठंही गेलेली नाहीत, आधी निश्चिंत व्हा. मी पुण्यात एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये (यंत्रांच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काम करतो, त्यामुळे हे जरा खोलात सांगतो.

पूर्वीचे अँड्रॉइड फोन पेन ड्राइव्हसारखे जोडले जायचे. संगणक सगळी साठवण स्वतःच्या ताब्यात घ्यायचा आणि तेवढा वेळ फोनला ती वापरता यायची नाही. पुढे एमटीपी ही पद्धत आली. तिच्यात साठवण फोनच्याच हाती राहते. संगणक विचारतो, फोन आपल्याकडच्या यादीत बघून उत्तर देतो. दुकानात आपण आत शिरत नाही, काउंटरवर मागतो आणि आतला माणूस वही बघून सांगतो, तसंच हे.

आता ही वही कधी कधी मागे पडते. नवीन फाइल साठवणीत असते, पण यादीत तिची नोंद झालेली नसते. रेकॉर्डर अ‍ॅपला ती दिसते, कारण ते स्वतः फोल्डरमध्ये बघतं. संगणकाला दिसत नाही, कारण त्याला यादीवरूनच सांगितलं जातं. उपाय साधा आहे. वायर काढा, फोन बंद करून सुरू करा, पाचेक मिनिटं थांबा, मग पुन्हा जोडा. यादी नव्यानं तयार होते.

आणि एक विनंती. ‘कट’ करून हलवू नका, ‘कॉपी’च करा. एमटीपी मध्येच तुटू शकतं, वायर नुसती हलली तरी. संगणकावर आकडा जुळला, चार फाइली वाजवून बघितल्या, की मगच फोनवरचं पुसायचा विचार करा. तुमच्या बाबतीत तर पुसूच नका.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना अडते. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो जुन्या जागी सापडत नाहीत. अँड्रॉइड ११ पासून ते ‘अँड्रॉइड’ फोल्डर, त्यात ‘मीडिया’, त्यात ‘कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप’ असे आत गेले आहेत. माझ्या आईनं ते गेले असं समजून दोन दिवस हळहळ केली होती.

---

मी म्युनिकमध्ये असते. इथं आल्यावर लॅपटॉप घेतला, फोन जोडला, आणि फोन दिसेच ना. वायर भारतातून आणलेली, तीच, उत्तम चालणारी. फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ही निवडलेलं. नवऱ्याच्या लॅपटॉपवर तोच फोन झटक्यात उघडायचा. आठवडाभर मी फोनला दोष देत होते.

शेवटी सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ वाचताना लक्षात आलं: ‘विंडोज ११ प्रो एन’. हे शेवटचं ‘एन’ अक्षर महत्त्वाचं. युरोपीय आयोगाच्या २००४ च्या निर्णयानंतर युरोपात विंडोजची एक अशी आवृत्ती निघाली जिच्यात मीडिया प्लेअर आणि त्याच्याशी जोडलेले भाग नसतात. फोनशी एमटीपीनं बोलणारा भागही त्यांतच येतो. मी लॅपटॉप घेताना हे मला माहीत नव्हतं.

सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’, तिथून ‘मीडिया फीचर पॅक’ टाकला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. फोन उघडला आणि आजीच्या ओट्यावरच्या गौरींचे फोटो समोर आले, तेव्हा परदेशात पहिल्यांदाच रडले. युरोपात शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर कळवा.

---

लग्नाचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय, कोल्हापूर. मुख्य काम कॅमेऱ्यावर, पण हळदीतले घाईचे प्रसंग आयफोनवर टिपतो. विंडोजच्या संगणकावर घेताना शे-दीडशे फोटो यायचे आणि मग ‘अ डिव्हाइस अटॅच्ड टू द सिस्टिम इज नॉट फंक्शनिंग’ असं येऊन सगळं थांबायचं. मुहूर्ताच्या दिवसांत हे परवडत नाही.

कारण असं. २०१७ च्या आयओएस ११ पासून नवे आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात ठेवतात, त्यात जागा कमी लागते. संगणकाला देताना फोन त्यांचं जेपीजीमध्ये रूपांतर करत करत देतो आणि तिथंच गाडं अडतं. फोटोजच्या सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ आहे. तिथं ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘कीप ओरिजिनल्स’ निवडा. फाइली जशाच्या तशा येतात, रूपांतर नंतर संगणकावर करता येतं.

आणि ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू असेल तर मूळ फोटो आयक्लाउडवर (अ‍ॅपलच्या इंटरनेटवरच्या साठवणीत) असू शकतात. मग वायरीनं निम्मेच दिसले तर घाबरू नका. मूळ फोटो आयक्लाउडवरूनच उतरवून घ्यायचे.

---

मालवण. जुलैत पोर्टमध्ये ओल गेली की फोन थेंबाची खूण दाखवतो आणि वायर घेतच नाही. ड्रायरची गरम हवा मारू नका, तांदळातही पुरू नका, पोर्ट खाली करून पंख्याखाली ठेवा. एवढ्यानंही वायर सैल बसत असेल तर फोन बंद करून लाकडी टूथपिकनं अलगद कोरा. माझ्या पोर्टातून खिशातल्या धाग्यांचा केवढा तरी बोळा निघाला.

---

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा मी सचिव. १४० घरांचे नंबर फोनवर मराठीतच साठवलेले होते, ते एका फाइलीत काढून संगणकावर घेतले. फाइल उघडली तर नाव एकही नाही, नुसती ‘बरोबर’ची (=) चिन्हं आणि मधे इंग्रजी अक्षरं, आकडे. हादरलोच, कारण फोन दुसऱ्या दिवशी बदलायचा होता.

माझी भाची म्हणाली, “मामा, नावं आतच आहेत.” ते देवनागरीचं सांकेतिक रूप होतं. ‘आई’ या दोन अक्षरांसाठी तिथं सहा तुकडे: बरोबर-ई-शून्य, बरोबर-ए-चार, बरोबर-आठ-सहा हे ‘आ’, आणि पुन्हा पहिले दोन तसेच येऊन शेवटी बरोबर-आठ-आठ ही ‘ई’. ती फाइल तिनं गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये आयात केली आणि सगळी नावं जशीच्या तशी उमटली. पुढं तीच यादी सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) करून एक्सेलमध्ये उघडली तेव्हा पुन्हा कचरा दिसला. तिथं दोनदा टिचकी मारून उघडायचं नाही. ‘डेटा’मधून आयात करायची आणि यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं ओळखणारी सांकेतिक पद्धत) निवडायचं.

---

वरचं वाचून नागपूरहून लिहितेय. ‘सिंक’ (दोन्हीकडे एकच यादी जुळवून ठेवणं) आणि ‘प्रत’ या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला जबर किमतीत कळलं असतं. लॅपटॉपवर गूगलची नंबरांची यादी उघडली, ही फोनची दुसरी प्रत आहे असं समजून नको ते तीनशे नंबर पुसले. संध्याकाळी फोनवरूनही गेले. त्यात बाबांचा नंबर होता. बाबा नाहीत, तो नंबर आता लागतही नाही, पण तो यादीत असणं मला हवं होतं.

गूगल कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये ‘अनडू चेंजेस’ आहे. ३० दिवसांच्या आतली कुठलीही वेळ निवडता येते. सगळे परत आले. मात्र त्या वेळेनंतर घातलेले नंबर निघून जातात, ते आधी कागदावर लिहून घ्या.

---

वसतिगृहात राहतो. वायरीशिवाय फाइली पाठवायला केडीई कनेक्ट हे अ‍ॅप वापरतो. दोन्ही एकाच वायफायवर, तरी फोन सापडत नव्हता. वसतिगृहाच्या वायफायवर एका यंत्राला दुसरं दिसू देत नाहीत, हे नंतर कळलं. फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्यावर घेतो, लगेच जमतं, आणि फाइल पाठवायला मोबाइल डेटाही जात नाही.

---

मी पुन्हा साताऱ्याहून. पुण्याच्या दादांनी सांगितलं तसं केलं. वायर काढली, फोन बंद करून सुरू केला, चहा होईपर्यंत थांबले, मग जोडला. २१२! जीव भांड्यात पडला.

कॉपी केल्यावर आकार ताडून बघितले तर एक फाइल शून्य आकाराची उतरली होती. ती पुन्हा घेतली, या वेळी पूर्ण आली. एक संच संगणकावर आहे, दुसरा पेन ड्राइव्हवर नणंदेकडे कराडला पोचला.

संगणकाला स्पीकर लावून सासूबाईंना ऐकवल्या. डोळे मिटून ऐकत होत्या. चौथ्या ओवीला त्यांनी हात वर केला, “थांब, इथं एक ओळ राहिली माझी.” मी फोन पुन्हा त्यांच्याजवळ ठेवला. आज २१३ वी झाली.