मदत हवी आहे: पावसात बॅग बाथची फडकी कशी सुकवता?

फोंड्याकडच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्यांसाठी बादली-साबणाचं स्पंजिंग सोडून बॅग बाथ, म्हणजे पिशवीतल्या ओल्या कोमट फडक्यांनी अंग पुसणं, सुरू करायचाय. साबण अल्कधर्मी, म्हाताऱ्या त्वचेचं तेल काढून घेतो. नीट धुतला गेला नाही तर खाज सुटते ती वेगळीच.

एका माणसाला 8 ते 10 मऊ सुती फडकी, न धुता चालणाऱ्या क्लिन्झरच्या कोमट पाण्यात भिजवून, पिळून, पिशवीत गुंडाळलेली. चेहऱ्याला नुसतं पाणी. मग हात, छाती, पाय, पाठ, शेवटी गुप्तांग आणि नितंब. दर भागाला नवं फडकं, वापरलेलं परत पिशवीत नाही. पुसायचा तेवढाच भाग उघडा, बाकी अंगावर चादर. डिमेन्शिया असलेले लोक बहुधा थंडी नि उघडेपणामुळेच ओरडतात, हट्टाने नव्हे. कूस वळवली की माकडहाडावर, टाचांवर लाली बघायची; बोटाने दाबून पांढरी पडली नाही तर दाबजखमेची सुरुवात.

घोडं अडतं जून ते सप्टेंबर. व्हरांड्यातली फडकी दोन दिवस ओलीच, कुबट वास. स्तनांखाली, जांघेत ओल राहिली की बुरशी. वर आया टाल्कम थापतात, त्याचे गोळे होऊन त्वचा सोलते.

तुम्ही उकळून इस्त्री करता की ड्रायर घेतलात? एकदाच वापरायची फडकी रोज परवडतात का? आणि पिशवी मायक्रोवेव्हमध्ये तापवत असाल तर मधलं फडकं चटका देण्याइतकं गरम होऊ नये म्हणून काय करता? सध्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघतो, एवढंच.