मदत हवी आहे: ट्रॉम्सो ते लाँगइयरबेन विमानाने नक्की किती वेळ लागतो?

नमस्कार मंडळी, नॉर्वेकडचं कुणी आहे का इथे? माझी मुलगी ट्रॉम्सोला शिकते आणि जानेवारीपासून तिचं एक सेमिस्टर वर स्वालबार्डला (नॉर्वेचीच उत्तरेकडची बेटं), तिथल्या लाँगइयरबेन गावात आहे. मे महिन्यात मी आणि माझी आई आधी ट्रॉम्सो बघून मग तिला भेटायला जायचं म्हणतोय. आई ७४ वर्षांची, तासभर एका जागी बसली की गुडघे आखडतात, पण नातीसाठी हट्टाने निघालीये.

काल टॅबवर नकाशा उघडला, तर आईने ट्रॉम्सो ते लाँगइयरबेन अंतर अंगठा आणि बोटात धरलं आणि तेच माप तसंच खाली भारतावर आणून ठेवलं, कन्याकुमारीपासून पार काश्मीरच्या वरच्या टोकापर्यंत आलं! तेव्हापासून ती गप्पच आहे. तिकिटांच्या साइटवर एकीकडे पावणेदोन तास दिसतायत आणि दुसरीकडे आठ तास, मग खरं काय धरायचं? मधे कुठे थांबतं का?

प्रतिसाद:
ताई, आईंना सांगा घाबरू नका, अंतर साधारण ९६० किमी आहे, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी. सपाट नकाशा ध्रुवाकडे ताणला जातो, ट्रॉम्सोपाशी जवळजवळ तिप्पट आणि लाँगइयरबेनपाशी पाचपट, म्हणून अख्ख्या भारताएवढं दिसतं. डायरेक्ट विमान दीड ते पावणेदोन तासात पोचतं. मधे सगळा समुद्रच आहे, अर्ध्या वाटेवर बेअर आयलंड लागतं पण तिथे हवामान केंद्राची मोजकी माणसं, धावपट्टी नाही. आठ तासवालं तिकीट ऑस्लोमार्गे असणार, आधी हजारभर किमी खाली जायचं आणि मग तिथून दोन हजार किमी वर, ते अजिबात घेऊ नका.

मी गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातर्फे हिमाद्रीला, म्हणजे स्वालबार्डवरच्या भारताच्या संशोधन तळावर गेलो होतो तेव्हा याच वाटेने गेलो, म्हणून कळकळीने सांगतो, व्हिसा डबल एंट्रीचाच घ्या. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही पण ते शेंगेनच्या (युरोपातल्या देशांच्या सामाईक व्हिसाच्या) बाहेर आहे, ट्रॉम्सोला पासपोर्ट तपासून बाहेर पडल्याची नोंद होते आणि सिंगल एंट्री असेल तर परत नॉर्वेच्या मुख्य भूमीवर शिरता येत नाही. आणि लाँगइयरबेनला विमानातून शिडीनेच उतरावं लागतं, मदत आधीच सांगून ठेवा. हॉटेलात, म्युझियममध्ये दारातच बूट काढायची पद्धत आहे, तेव्हा आईंना वाकावं लागणार नाही असे बूट घ्या.

धागाकर्ती:
दादा, खूप खूप आभार! एजंट सिंगल एंट्री पुरेल म्हणाला होता, फॉर्म अजून भरला नाहीये, आता डबलच भरते. आईला ९६० आकडा वाचून दाखवला तर लगेच बॅगेत लाडू किती न्यायचे विचारायला लागली. फक्त एक सांगा, मे महिन्यात तिथल्या बर्फात वेल्क्रोचे बूट चालतील का?