येळवशीच्या दुसऱ्या दिवशी काटा १.८ किलो वर: चरबी का पाणी?

मांजराकाठ
वय ३८, उंची १७२ सेंमी, सुरुवातीचं वजन ८६.२ किलो. हिशेबाने दिवसाला साधारण २३०० किलोकॅलरी लागतात, खातोय १८००. पीठ, तेल, शेंगदाणे सगळं मोजून. पहिल्या ९ दिवसांत ८३.९ वर आलो. त्यानंतर १२ दिवस काटा ८३.५ ते ८४.२ मध्येच घुटमळायलाय. १२व्या दिवसापासून जिममध्ये स्क्वॅट आणि डेडलिफ्ट सुरू केलंय. काल येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, शेतात जेवण झालं. परवा सकाळी ८३.८ होतं, आज सकाळी ८५.६!

तीन आठवड्यांची कमाई एका पंगतीत गेली का? रोजची अजून एक भाकरी कमी करू का? आणि जिममधले काही जण म्हणायलेत की पाणी कमी प्या, पाणी काढायची गोळी घ्या. ते कितपत बरोबर आहे?

बालाघाट
भाकरीला हात लावू नका, आधी गणित बघा. १ किलो चरबीत साधारण ७७०० किलोकॅलरी असतात. १.८ किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा जवळपास १३,९०० किलोकॅलरी जास्त खावं लागेल. भज्जी (तुरी, वाटाणा, हरभऱ्याची भाजी), बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, वर तांब्याभर आंबिल, असं पोट फुटेस्तोवर जेवलात तरी गरजेवर २००० जातील. तेवढ्याने चरबी वाढते पाव किलो, तीही फार तर. उरलेलं दीड किलो कुठून आलं ते सांगतो.

यकृत आणि स्नायूंत पिष्टाचा साठा असतो, ग्लायकोजेन. मोठ्या माणसात तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम भरतो आणि प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत अंदाजे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. तीन आठवडे कमी खाल्ल्याने तुमचा साठा अर्धवट रिकामा होता. उंडे आणि खिरीने त्यात २५० ग्रॅम भरले गेले असं धरा, तर सोबत ७५० ग्रॅम पाणी आलं. झाला १ किलो. मग मीठ. शरीर रक्तातल्या मिठाचं प्रमाण ठरलेलं राखतं, साधारण सलाईनच्या बाटलीतलं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅमच्या आसपास. आंबील, भज्जी, ठेचा, लोणचं मिळून नेहमीपेक्षा ४ ग्रॅम मीठ जास्त गेलं तर ते बाहेर पडेपर्यंत साधारण ४५० मिली पाणी अंगात थांबतं. शिवाय पिष्टामुळे इन्सुलिन वाढलं की मूत्रपिंडं सोडियम सोडायला कंटाळतात. राहिलं ते आतड्यात. भज्जीतल्या तुरी, वाटाणा, हरभऱ्याचा चोथा एका दिवसात बाहेर पडत नाही.

आता हेच उलटं लावा. पहिल्या ९ दिवसांत तुमचं २.३ किलो उतरलं. रोज ५०० ची तूट म्हणजे ९ दिवसांत ४५००, त्याची चरबी होते ६०० ग्रॅमच्या आत. बाकीचं १.७ किलो पाणी आणि पोटातला माल होता. तेव्हा तो आकडा बघून तुम्ही खूश झालात, म्हणून आजचा आकडा एवढा लागतोय. दोन्ही आकडे एकाच कारणाने फसवे आहेत.

मांजराकाठ
हे पटलं. पण मधल्या १२ दिवसांचं काय? तेव्हा तर ना पंगत होती ना लोणचं.

बालाघाट
१२ × ५०० = ६०००, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास चरबी गेली असणार, तुमची मापं खरी असतील तर. ती झाकली स्क्वॅटने. नव्या व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, तिथे सूज येते आणि दुरुस्तीसाठी पाणी जमतं. मांड्या दुखायल्यात तोवर ते पाणी तिथेच आहे असं समजा. नव्याने सुरू केलं की दोन-तीन आठवडे काटा अडून बसणं नेहमीचंच. क्रिएटिन (जिमवाले घेतात ती पावडर) घेत असाल तर तेही सांगा. पहिल्या आठवड्यात त्याने १ ते २ किलो पाणी स्नायूंत जातं, आणि त्यात वाईट काही नाही.

एक शंका मात्र मनात ठेवा. ‘मोजून’ म्हणताना भाकरी मोजता का पीठ? भाकरीत पाणी असतं, म्हणून ज्वारीचं कोरडं पीठच मोजायचं, १०० ग्रॅमला साधारण ३५० किलोकॅलरी. शेंगदाण्याची चटणी चमच्याने घेत असाल तर तो चमचा एकदा काट्यावर ठेवून बघा. १५ ग्रॅम भरली तर ८० किलोकॅलरी झाल्या.

पळसफूल
मीठ पूर्ण बंद करा, दोन दिवसांत सगळं पाणी जातं.

बालाघाट
जातं, पण चरबी तिथेच राहते आणि पहिल्या खारट घासाला पाणी परत येतं. मीठ रोज सारखं ठेवा, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात लोणचं-पापडातलंही धरायचं. चढउतार होतो तो मीठ कमी-जास्त झाल्याने. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा उन्हात राबणाऱ्याने मीठ बंद करणं तर धोक्याचं आहे.

गोदाकाठची
दादा, वजन कसं करता तेही लिहा. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहा-पाण्याच्या आधी, रोज सारख्याच कपड्यांत. अर्धा लिटर पाणी पिऊन उभं राहिलात तर काटा अर्धा किलो जास्तच दाखवणार. शहाबादी फरशीवर काटा ठेवत असाल तर सांध्यावर किंवा उंचसखल जागी नको, चारही पाय पक्के टेकले पाहिजेत. चटईवर तर मुळीच नको. काट्यावर शंका असेल तर आधी स्वतः एकटे उभे राहा, मग पिठाची १० किलोची न फोडलेली पिशवी हातात घेऊन उभे राहा. फरक १० किलोच यायला हवा. काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवून तोच परत दाखवतात, मध्ये एकदा पिशवी ठेवली की ते उघडं पडतं.

रोजचा आकडा वहीत लिहा, पण निर्णय ७ दिवसांच्या सरासरीवर घ्या. या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडायची. सण आणि त्यापुढचे ३ दिवस वहीत लिहून ठेवायचे, सरासरीत धरायचे नाहीत. आठवड्यातून एकदा शिंप्याच्या टेपने बेंबीच्या रेषेत कंबर मोजा, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

बायकांना ही आठवड्यांची तुलनाही फसवते. पाळीच्या आधीच्या दिवसांत अर्धा ते दोन किलो पाणी चढू शकतं, बहुतेकींचा आकडा पाळीच्या पहिल्या दिवसाच्या आसपास सगळ्यात वर असतो आणि मग उतरतो. म्हणून पाळीच्या ५व्या-६व्या दिवसाचं वजन पुढच्या पाळीच्या त्याच दिवसाशी ताडायचं. घरातल्या बाईला दर आठवड्याला “तुझं काहीच कमी होईना” म्हणणाऱ्यांनी हे वाचावं ही मनापासून विनंती. त्या एका वाक्यावर कितीतरी जणी जेवण सोडतात.

दुधना
गोळीबद्दल लिहितो, कारण हा भाग जिवाशी आहे. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड ही हृदय, मूत्रपिंड, यकृताच्या आजारांत डॉक्टर तपासण्या करून देतात ती औषधं आहेत. त्याने लघवीतून पाण्यासोबत सोडियम आणि पोटॅशियमही जातं. पोटॅशियम फार उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. चरबी एक ग्रॅमही जात नाही. औषध थांबवलं की शरीर मीठ आणि पाणी जोराने साठवतं, सूज आधीपेक्षा जास्त वाटते, मग माणूस पुन्हा गोळी घेतो. पाणी कमी पिण्यानेही काही साधत नाही. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची राहील इतकं प्या.

सगळंच पाणी निरुपद्रवी नसतं, हेही ध्यानात असू द्या. नडगीच्या हाडावर अंगठा १० सेकंद दाबून धरा. अंगठा उचलल्यावर खड्डा राहत असेल, दोन-तीन दिवसांत २ किलोवर वजन चढून दम लागत असेल, रात्री आडवं झालं की श्वास कोंडत असेल, लघवी फेसाळ होत असेल, तर डॉक्टरकडे जा. एकाच पायाला सूज आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी जा, रक्ताची गुठळी असू शकते. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन रोज घेणाऱ्यांत पाणी साठतं. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात. पण ती गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.

मांजराकाठ
गोळी घेतली नाही. पाणी, मीठ, भाकरी सगळं होतं तसंच ठेवलं. येळवशीनंतरचे पाच आकडे: ८५.६, ८५.१, ८४.४, ८३.९, ८३.५. पिशवीने काटा तपासला, १०.० दाखवतो. कंबर सुरुवातीला ९९ सेंमी होती, आज ९६.५. क्रिएटिन नाही. चटणी मात्र चमच्याला २२ ग्रॅम निघाली, आणि दिवसाला तीन चमचे व्हायलेत.

बालाघाट
मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. चढलेलं सगळं पाच दिवसांत उतरलं आणि कंबर अडीच सेंमी आत गेली. चटणीचा चमचा १५ ग्रॅम धरत असाल तर तीन चमच्यांत २१ ग्रॅम जादा, म्हणजे साधारण ११० किलोकॅलरी. तुमची तूट ५०० नाही, ३९० आहे. भाकरी तशीच ठेवा, चटणी वजनाने घ्या. आजपासून १४ दिवस आकडे लिहा आणि दोन सरासऱ्या इथे टाका. त्यांत ३०० ग्रॅमचाही फरक आला नाही तर खाण्याचा हिशेब ओळीने तपासू. हुरड्याला जायचं असेल तर खुशाल जा, फक्त त्या दिवसापुढे ‘हुरडा’ लिहून ठेवा आणि पुढचे तीन दिवस सरासरीत धरू नका.