तोफखान्याचे ‘प्रत्यक्ष लढाईतील’ पहिले छायाचित्र कोणते मानावे?

प्रश्न

अमेरिकेच्या यादवी युद्धातील एका छायाचित्राविषयी जाणकारांचे मत हवे आहे. २१ जून १८६४ रोजी व्हर्जिनियातील पीटर्सबर्गसमोर छायाचित्रकार मॅथ्यू ब्रेडी यांच्या पथकाने ते टिपले असून, त्यात पेनसिल्व्हेनियाच्या कॅप्टन कूपर यांचे गोलंदाज तोफांपाशी आपापल्या जागी उभे आहेत. हे छायाचित्र ऐन माऱ्यात घेतले गेले, असे अनेक ठिकाणी वाचनात येते; परंतु सगळे इतके निश्चल आहेत की विश्वास बसत नाही. आपणांस काय वाटते?

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. त्या काळी काचेवर कोलोडियन या चिकट द्रवाचा थर देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावी लागे, आणि थर ओला असतानाच, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत, छायाचित्र घेऊन ते अंधाऱ्या गाडीत किंवा तंबूत डेव्हलप करावे लागे. प्रकाश देण्याचा वेळही बहुधा सेकंदांत मोजावा लागत असल्याने, तोफेत दारू ठासणारा हात काचेवर नुसता पुसट पट्टा होऊन उमटला असता. शिवाय काळी दारू उडाली की तोफेपुढे पांढऱ्या धुराचा लोट उठतो. येथे त्याचा मागमूस नाही. स्वतः ब्रेडीच चौकटीत उभे आहेत, हे तर आपण पाहिलेच असेल! तोफखाना आघाडीवर होता हे खरे, पण हा क्षण लढाईचा नसून ‘हलू नका’ असे सांगून उभे केल्याचा आहे.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी सहमत आहे. त्याच युद्धात ८ सप्टेंबर १८६३ रोजी जॉर्ज कुक यांनी फोर्ट सम्टर या सागरी किल्ल्याच्या तटावरून गोळे डागणाऱ्या चिलखती जहाजांचे छायाचित्र घेतले होते, परंतु त्यात दूरवरची जहाजे आहेत, गोलंदाज नाहीत. माझ्या मते हा मान कॅनडातील मेती (मूलनिवासी व युरोपीय अशा मिश्र वंशाचे लोक) यांच्या १८८५ च्या उठावाकडे जातो. तेथे छायाचित्रकार बाहेरून आलेला नव्हता. सरकारी सैन्यातील ‘ए’ बॅटरीचे (तोफांच्या तुकडीचे) कॅप्टन जेम्स पीटर्स स्वतः तोफखान्याचे अधिकारी होते आणि त्यांनी फिश क्रीक व बतोश येथील लढायांत कॅमेरा सोबत बाळगला होता.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. लढाई चालवत असताना अधिकाऱ्याला हे साधले कसे?

प्रतिसाद २

मुख्य कारण जिलेटिनची कोरडी प्लेट, म्हणजे ओल्याऐवजी कोरडा थर दिलेली काच. ती आधीच तयार करून ठेवता येई, कितीतरी अधिक वेगाने चित्र पकडी आणि धुण्याचे काम नंतर सावकाश करता येई. त्यामुळे तिकाटणे आणि अंधारी गाडी दोन्ही सुटली व पीटर्स घोड्यावरूनही छायाचित्रे घेऊ शकले. अर्थात चित्रे पुष्कळदा अस्पष्ट आली आहेत, आणि मला तरी तोच त्यांच्या खरेपणाचा पुरावा वाटतो. फिश क्रीकला मेती बंदूकधारी घळीत खड्डे खणून बसले होते. तोफांची तोंडे तेवढी खाली झुकेनात, म्हणून त्या घळीच्या काठापर्यंत पुढे आणाव्या लागल्या आणि गोलंदाज उघड्यावर सापडून गोळ्यांना बळी पडले. अशा ठिकाणी रेखीव छायाचित्राची अपेक्षा कोण करणार?

प्रतिसाद १

एक पुरवणी. पीटर्स यांनी पुढे उठावाचे नेते लुई रिएल यांचेही कैदेतील छायाचित्र घेतले. ते लढाईचे नव्हे, छावणीतले आहे. त्यामुळे दोन्ही प्रकार एकाच हाताचे असले तरी त्यांची गल्लत करू नये.