मदत हवी आहे: दोन्ही माद्या म्हणून घेतलेल्या पालींपैकी एकीने अंडी घातली

रातकिडा_धनकवडी:
नमस्कार. दोन्ही माद्याच आहेत, असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगून दिलेल्या माझ्या दोन पाळीव पालींपैकी एकीने काल रात्री दोन अंडी घातली आहेत. ती टिकवण्यासाठी काय करावे, हे कृपया आजच सांगावे.

जुना_खवलेप्रेमी:
आपण जात, वय, वजन आणि तापमान यांपैकी काहीच लिहिलेले नाही. पालीला पापण्या आहेत का आणि ती काचेवर चढते का, एवढे तरी कळवावे.

रातकिडा_धनकवडी:
लेपर्ड गेको आहेत, हे सांगायला हवे असे वाटले नाही. पापण्या आहेत, काचेवर चढत नाहीत. अंडी पांढरी असून दाबल्यास मऊ लागतात. मी ती पुसून दुसऱ्या डबीत ठेवली आहेत.

सहकारनगरची_सुगरण:
अंड्यांची टरफले दाराशी टांगल्यास पाली घरात येत नाहीत, असा माझ्या सासूबाईंचा अनुभव आहे.

टेकडीवरचा_भटक्या:
पाली घालवण्याविषयी येथे कोणीही विचारलेले नाही. मात्र या गेकोचे रानटी भाऊबंद आपल्या महाराष्ट्रातही आहेत आणि त्यांपैकी सातपुड्यातल्या एका जातीचे शास्त्रीय वर्णन २०१४ साली झाले, हे पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे व ते पकडून आणण्याच्या भानगडीत पडू नये.

हौशी_पैदासकार:
मूळ मुद्द्याकडे येतो. या जातीची मादी नराशिवायही फोल अंडी घालते. घरात नर नसेल तर अंडी टाकून द्यावीत आणि विषय संपवावा.

जुना_खवलेप्रेमी:
इतकी घाई नको. ‘दोन्ही माद्या’ हे दुकानदाराचे म्हणणे वाचतानाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. दुसरीला पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहावे. मलद्वाराच्या पुढे मागच्या पायांच्या मधोमध छपराच्या आकाराची ठळक, मेणचट छिद्रांची रांग आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे दिसले, तर तो नर समजावा. मादीलाही तेथे खुणा असतात, पण त्या फिकट असतात आणि फुगवटे नसतात.

रातकिडा_धनकवडी:
रांगही आहे आणि फुगवटेही आहेत. वर्षभर मी त्याला ‘ठमी’ म्हणत होतो.

हौशी_पैदासकार:
मग माझा सल्ला मागे घेतो. अंडी ३२ अंशांच्या आसपास उबवावीत. पिल्ले लवकर बाहेर येतात.

जुना_खवलेप्रेमी:
आणि त्यांतले बहुतेक नर निघतात, हे आपण सांगितले नाही! या जातीत पिल्लाचे लिंग उबवणीच्या उष्णतेवर ठरते. २६-२७ अंशांना बहुतांश माद्या मिळतात. दोन नर एका पेटीत सुखाने नांदत नाहीत, त्यामुळे नवख्याने कमी तापमानच धरावे, मग चार आठवडे जास्त लागले तरी चालतील. फेब्रुवारीतल्या पुण्यात दुपारी घाम आणि पहाटे गारठा, म्हणून उघड्यावर ठेवू नयेत. थर्मोकोलची पेटी, उबेची चटई आणि थर्मोस्टॅट घ्यावा. अंड्यावर वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करावी आणि यापुढे ते फिरवू नये. पहिल्याच दिवशी हलवले म्हणून बिघडले असेलच असे नाही. वजनास वजन पाणी घालून ओलावलेल्या व्हर्मिक्युलाईटमध्ये (ओलावा धरून ठेवणाऱ्या हलक्या, दाणेदार खनिजात) ती अर्धी रुतवून ठेवावीत. ते बागकामाच्या दुकानात मिळते.
अंड्यांपेक्षा मला मादीची काळजी अधिक वाटते. नराला आजच वेगळा करावा. तरीही मादी शुक्राणू साठवून ठेवत असल्याने पुढेही दोन-दोन अंडी येत राहतील आणि तेवढे कॅल्शियम तिच्या हाडांतून ओढले जाईल. किड्यांवर कॅल्शियमची भुकटी रोज द्यावी. साधारण ४५ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या मादीची वीण घेऊच नये. तिचे वजन किती आहे?

रातकिडा_धनकवडी:
ठमी वेगळ्या पेटीत गेली, म्हणजे गेला. व्हर्मिक्युलाईट आणले, थर्मोस्टॅट २७ वर लावला.
(आठ दिवसांनी) अंधारात टॉर्च लावल्यावर एका अंड्यात गुलाबी वर्तुळ आणि बारीक लाल रेषा दिसतात. दुसरे पिवळे पडून खचले आहे. खचलेले काढून टाकावे का?

जुना_खवलेप्रेमी:
वर्तुळाचे अंडे जिवंत आहे. खचलेल्यावर बुरशी आली असल्यास दुसऱ्याला धक्का न लावता ते काढावे. मादीचे वजन आपण अजूनही लिहिलेले नाही.