मदत हवी आहे: स्विस नॅशनल पार्कमधली माकूनची सरोवरं, एका दिवसात कोणत्या बाजूने करावीत?

मंडळी,

जुलैच्या मध्यावर मी आणि ताई स्वित्झर्लंडच्या एंगाडीन खोऱ्यात असू. त्यातला एक अख्खा दिवस माकूनसाठी राखून ठेवलाय. २६०० मीटरच्या वर कड्यांच्या कुशीत २३ लहानमोठी सरोवरं आहेत. गेली कित्येक वर्षं हे ठिकाण मनात आहे, त्यामुळे घाईत उरकायचं नाही.

नेहमीचा मार्ग त्सेर्नेत्सहून (साधारण १४७० मी.) सुरू होतो. जंगलातून मुंट बासेल्जियापर्यंत (२९४५ मी.) चढायचं, डोंगराच्या कण्यावरून (माथ्याच्या धारेवरून) फुओर्क्लेट्टा दा बार्क्ली खिंडीत यायचं, सरोवरांपाशी उतरायचं आणि झेझनिना खोऱ्यातून लाविन गाठायचं. वीसेक किलोमीटर, दीड हजार मीटर चढ आणि त्याहून थोडा जास्त उतार. चांगल्या चालीने आठ तास धरतात. दोन्ही गावं एकाच रेल्वेमार्गावर असल्यामुळे परतीची चिंता नाही.

चढ आम्हाला जमतो. प्रश्न ताईच्या गुडघ्याचा आहे, तो लांब उताराला दुखतो. आणि त्याहून मोठी काळजी म्हणजे हे संरक्षित क्षेत्र. १९१४ पासून इथे निसर्गाला पूर्ण मोकळं सोडलंय, आंतरराष्ट्रीय वर्गवारीत सगळ्यात कडक गटात हे उद्यान मोडतं. पायवाट सोडायची नाही, मुक्काम नाही, आग नाही, पाण्यात उतरायचं नाही, फूल किंवा दगड उचलायचा नाही, कुत्रा साखळीलासुद्धा चालत नाही. हे सगळे नियम मला मनापासून पटतात. पण समजा वाटेवरच बर्फाचा पट्टा आडवा आला, तर? एरवी वळसा घालून पुढे गेलो असतो. इथे काय करायचं? वरती आसरा नाही, तंबू लावता येत नाही, मग उशीर झाला तर सुटका कुठून?

जाणकारांनी कृपया सांगावं: त्सेर्नेत्सहून जावं की उलट, लाविनहून? आणि (विचारायला संकोच वाटतो, पण विचारते) वाट सोडायची नाही तर शौचाचं काय करतात?

प्रतिसाद

प्रश्न चांगला मांडलात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट नकाशावर बघून घ्या. माकून हा उद्यानाच्या मुख्य भागापासून सुटा तुकडा आहे, २००० साली जोडलेला. म्हणजे त्सेर्नेत्सकडचा जवळजवळ सगळा चढ आणि झेझनिनाचा खालचा उतार हद्दीच्या बाहेर पडतो. कडक नियम लागू होतात ते मुख्यतः सरोवरांच्या खोलगट भागात. शौचाचा प्रश्नही तिथेच सुटतो, हद्दीत शिरण्याआधी उरकून घ्या आणि कागद सोबत परत आणा.

आता बर्फ. खिंडीतून सरोवरांकडे उतरणारी बाजू उत्तरेकडे तोंड करून आहे, तिथे जुलैतही बर्फ टिकतो. त्सेर्नेत्सहून गेलात तर पाच तास चढून थकल्यावर तो समोर येतो, आणि तोही उतारावर. अशा वेळी माणूस मागे फिरत नाही, पुढे रेटतो. खरा धोका हा आहे. वळसा घालायची सोय नाही म्हणजे बर्फ पार करता येण्यासारखा नसेल तर परतायचं, दुसरा पर्याय नाही. मोडक्या दगडांवरून वळसा घेणंही धड नसतं, आणि त्या उंचीवर पायाखाली तुडवलेली झाडं पुन्हा उभी राहायला वर्षानुवर्षं लागतात.

म्हणून तुमच्यासाठी मी लाविनहून सुचवेन. बाराशे मीटर चढलात की सरोवरंच लागतात. तिथे बसा, पोटभर बघा. खिंडीकडची वाट खालून दिसते, बर्फ चढून जाण्याजोगा वाटला तर पुढे व्हा. नाही तर आल्या वाटेने लाविन, आणि ज्यासाठी आलात ते पाहून झालेलं असेल. शिवाय त्सेर्नेत्सकडच्या उतारात खालचा बराच भाग जंगलातला रस्ता आहे, ताईंच्या गुडघ्याला तो झेझनिनापेक्षा सोसेल. दोन काठ्या मात्र हव्यातच.

यात एक तोटा आहे. कणा दिवसाच्या उत्तरार्धात येतो आणि उन्हाळ्यात दुपारी वीज-वादळ होतं. तेव्हा पहाटेच निघा आणि दुपारी बाराच्या आत खिंडीत नसाल तर कणा सोडून द्या.

दुसरा प्रतिसाद

वरच्याशी सहमत. आदल्या दिवशी त्सेर्नेत्सच्या उद्यान केंद्रात जाऊन वाटेची ताजी स्थिती विचारा, तिथली माणसं स्पष्ट सांगतात. पाणी आणि वारा अडवणारं जाकीट घ्या, ऊन असलं तरी. विमान-बचाव सेवा रेगाचा नंबर १४१४, फोनमध्ये भरून ठेवा. खोऱ्यात सगळीकडे रेंज असेल असं धरू नका.

धागाकर्ती

खूप आभार दोघांचे. हद्दीचा नकाशा आत्ताच उघडून बघितला, डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं. लाविनहूनच निघतो, पहिल्या गाडीच्या आधी चालायला लागता यावं म्हणून मुक्कामही तिथेच हलवते. ताईने बाराची वेळ तिच्या वहीत लिहून घेतलीय आणि वाद घालायचा नाही असं मला बजावलंय.

एकच राहिलं: सरोवरांच्या काठाने जाणाऱ्या वाटेवर दोघी तासभर थांबलो तर चालतं का, की खुणा केलेल्या विश्रांतीच्या जागीच बसावं लागतं?